कांदा रोज लागतो, मग भाव का पडतो?

शेतकऱ्यांची पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतली, गोंधळ तोच: माल विकायचा कसा आणि भाव ठरतो कसा. त्यातली पाच घेतली आहेत.

प्र. हमीभाव केंद्रावर सोयाबीनचा ओलावा किती चालतो?

१२ टक्के. २०२४ मध्ये १५ पर्यंत सवलत दिली होती, पण तिच्या भरवशावर ओला माल ट्रॉलीत भरू नका.

प्र. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला कांदा रोज लागतो. मग पीक जरा वाढलं की भाव निम्म्यावर का येतो?

रोज लागतो म्हणूनच! कांदा ८० रुपये किलो झाला तेव्हा आमच्याकडे पोह्यात दोनाऐवजी दीड पडला. २० वर आला तेव्हा पुन्हा दोनच पडले, चार नाही. ही न ताणणारी मागणी. बाजारात दहावा हिस्सा माल जास्त आला, तर तो खपवायला भाव दहाव्या हिश्श्याने उतरून भागत नाही, त्याच्या कितीतरी पट उतरावा लागतो. माल कमी आला की हेच उलट्या बाजूने होतं आणि शहरात ओरड सुरू होते.

‘लोकांकडे पैसा आला की जास्त खातील’ हे तर मी वीस वर्षं ऐकतोय. जास्त नाही, वेगळं खातात. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण घरखर्चातला अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के निघाला, तृणधान्यं तर एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्याही आत. पैसा वळला दूध, अंडी, फळं, तयार खाण्याकडे.

उरलेला कांदा बाहेर जावा, तर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. तोवर परदेशी गिऱ्हाईक पाकिस्तान, चीनच्या कांद्याकडे वळलं. तेव्हा ‘गेल्या साली भाव होता’ एवढ्यावर एकर वाढवू नका. शेजारीही तेच ठरवत असतो. रोप टाकण्याआधी कृषी सहायकाला पेऱ्याचा अंदाज विचारा. कांदा साठवायची चाळ भरल्यावर विचारून काय करणार?

प्र. तेल महाग, मग सोयाबीन स्वस्त कसं? व्यापारी लुटतात का?

काही लुटतातही, वजनात आणि ओलाव्याच्या कपातीत. पण मूळ कारण पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा भाग; तो कोंबडीखाद्यात जातो. क्विंटलमागे तेल साधारण १८ किलो, पेंड ८० च्या आसपास. मका-तांदळाचं इथेनॉल काढून उरलेला चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळतो, त्याने पेंडीचा भाव दबतो आणि सोयाबीनचाही. तेलाच्या डब्यावरून सोयाबीनचा भाव ठरवू नका.

प्र. एक कंपनी रोपं देते, ‘माल आम्हीच परत घेऊ’ म्हणते. घेऊ का?

रोपांचे पैसे आधी मागतात ना? मग तिथेच थांबा. भाव, तारीख, मालाची प्रत लिहून दिलेला करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

प्र. ‘तूर क्विंटलला दहा हजारांवर जाणार’ असा मेसेज फिरतोय. ठेवू का?

मेसेज लिहिणाऱ्याच्या गोदामात किती तूर आहे ते विचारलंत? मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली, मोझांबिक आणि म्यानमारची तूर बंदरात येते. तुमचा भाव आयातीच्या धोरणावरही ठरतो. पैशाची निकड असेल तर पडत्या भावात विकण्याआधी बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची, म्हणजे माल गहाण ठेवून मिळणाऱ्या कर्जाची, चौकशी करा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी मिळतं. तुमच्या समितीत योजना चालू आहे का, हे सचिवांनाच विचारा. जाण्याआधी पोत्यात हात घालून बघा. तुरीला भुंगा लागला असेल तर तारण म्हणून कुणी ठेवून घेणार नाही.