पाच पेगनंतरही चढत नाही म्हणतोस, त्याचीच मला भीती वाटते

पत्र थोडक्यात असं आहे. मुलगा 29 वर्षांचा, मूळ सांगलीकडचा, पुण्यात आयटीत. वडील दारूने गेले, लिव्हर खराब होऊन, हा तेव्हा बारावीत होता. आता लग्न ठरायच्या बेतात आहे पण मुलीच्या आईने स्पष्ट सांगितलंय, खाण तशी माती, दारुड्याच्या घरात मुलगी देणार नाही. तो विचारतो, "ताई, हे खरंच रक्तातून येतं का? ऑनलाइन डीएनए टेस्टचं किट मिळतं, थुंकी पाठवली की रिपोर्ट येतो, तो त्यांच्या हातात ठेवू का?" आणि अगदी शेवटी कंसात एक ओळ, "मी फक्त शनिवारी मित्रांसोबत बसतो, लिमिटमध्ये, पाच पेगनंतरही मला चढत नाही, सगळ्यांना गाडीतून घरी मीच सोडतो."

अरे बाळा, दोन पानं वडलांवर लिहिलीस, एक पान तिच्या आईवर, आणि मुद्द्याची गोष्ट कंसात ढकललीस. मला तर तेवढीच दिसतेय.

किटचं आधी संपवते. त्यात पैसे घालू नकोस. दारूचं असं एखादं जनुक नसतं की सापडलं तर पिणार आणि नाही सापडलं तर सुटला. शेकडो बारीक बारीक फरक मिळून थोडासा कल ठरतो, त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, त्यामुळे सासऱ्यांपुढे ठेवायचं सर्टिफिकेट त्यातून निघणार नाही.

रक्तातून येतं का, तर हो, काही अंशी येतं, तुला खोटं सांगणार नाही. डेन्मार्कमध्ये गुडविन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने अशी 55 मुलं शोधली की ज्यांच्या जन्मदात्या आईबापांपैकी कुणीतरी दारूत बुडालेलं होतं पण मुलं तान्ही असतानाच दुसरीकडे दत्तक गेली होती, म्हणजे पिणारा बाप त्यांनी बघितलेलाच नाही. 1973 ला ते छापून आलं. तिशीच्या आसपास त्यातले 18 टक्के दारूच्या आहारी गेलेले निघाले, आणि ज्यांच्या जन्मदात्यांना हे व्यसन नव्हतं त्या दत्तक मुलांत 5 टक्के. साडेतीन पट म्हण. पण तेच उलटं वाच, 100 तले 82 गेले नव्हते की! तिच्या आईची खाण-माती तिथेच अडकते.

आता तुझ्या कंसाकडे येते.

अमेरिकेत सॅन दिएगोला मार्क शुकिट म्हणून डॉक्टर आहेत. त्यांनी विशीतल्या पोरांना मोजून दारू पाजली, काहींचे वडील दारुडे, काहींचे नाहीत, मग किती चढल्यासारखं वाटतंय ते विचारलं आणि उभं करून अंग किती डोलतं तेही मोजलं. रक्तात दारू सारखीच, पण दारुड्यांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ती कमी जाणवत होती. दहाएक वर्षांनी हीच पोरं परत गाठली. दारुड्या बापाच्या ज्या मुलांना तेव्हा कमी चढली होती त्यातले 56 टक्के व्यसनात अडकले होते आणि ज्यांना पटकन चढायची त्यातले 14 टक्के. 1994 चा अभ्यास आहे हा. दोन्हीकडे बाप पिणारेच, तरी एवढा फरक.

म्हणजे वडलांकडून तुला दारूची ओढ आली की नाही ते मला माहीत नाही, पण थांब म्हणणारी घंटा बहुतेक बारीक आवाजाची आलीय. बाकीच्यांना दोन पेगला डोकं जड होतं, झोप येते, बास म्हणतात. तुला तिथे काहीच होत नाही म्हणून तू तिसरा घेतोस, चौथा घेतोस, आणि हळूहळू शरीराला सवय लागून तोच परिणाम यायला आणखी लागते. इथपर्यंत अंगातलं झालं, पुढचं काम टेबल करतं. ज्याला चढत नाही त्याला आपल्याकडे किती मान असतो बघ, "भाईची कपॅसिटी बघ", "हा म्हणजे टाकी आहे", ग्लास रिकामा दिसला की भरणारा हात तयार असतो, आणि जो दोन पेगमध्ये आउट होतो तो आपोआप त्या ग्रुपमधून गळतो, उरतात ते सगळे तुझ्यासारखेच. रक्तात आलेल्या गोष्टीने तुझी संगत निवडली आणि आता ती संगत त्या गोष्टीला खतपाणी घालतेय. दोघांची वाटणी करून कुणाचा दोष किती ते काढत बसू नकोस.

माझे मामा असेच होते. कधी झोकांडी नाही, शिवी नाही, दुकान बंद करून लूनावरून सरळ रेषेत घरी यायचे आणि मामी सगळ्यांना सांगायची की ह्यांना चढत नाही. मग एका सकाळी मी समोर बसलेले असताना ते कपातला चहा बशीत ओतायला लागले आणि कप बशीवर टकटक टकटक वाजायला लागला, अर्धा चहा लुंगीवर. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. घरात कोणी काही बोललं नाही. त्याच्या आदल्या सगळ्या वर्षांत ते "लिमिटमध्ये"च होते.

आणि त्या गाडीचं मला फार लागलंय. तू ते चांगुलपणा म्हणून लिहिलंस. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पाच पेगांनंतर तू तिच्या कितीतरी पुढे असतोस, तुला जाणवत नाही एवढंच, आणि तसा तू चार जणांना बसवून रात्रीच्या रस्त्याला लागतोस. लिव्हरलाही पाचच्या पाच पेग मोजून पोचतात, डोक्याला कळोत न कळोत. तिची आई जे बोलली ते कारण चुकीचं आहे, पण ती जिथे अडून बसलीय तिथे तिने अडूनच बसावं असं मला आज वाटतंय.

म्हणून एकच सांगते. या शनिवारपासून पूर्ण बंद. कमी नको, फक्त बियर नको, लग्नाकार्यापुरती नको. तुझ्याकडे घंटा बारीक आहे तर लिमिटवर विसंबता येत नाही, तुझ्यासाठी ती सोय केलेलीच नाही. टेबलावर बसायचं तर बस, लिंबू सोडा घे, चकणा खा आणि आग्रह कोण किती करतो ते बघून ठेव. सोडल्यावर हात थरथरले, घाम फुटला, झोप उडाली तर अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. आणि एकट्याने होत नाहीये असं दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी वाटलं तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून हेच काम करतायत, तिथे तुझ्यासारखी पुष्कळ मुलं येऊन गेलीत. तू तर पुण्यातच राहतोस.

आणि तिला, तिच्या आईला नाही, आधी तिला ती कंसातली ओळ वाचून दाखव. आजच.