‘हुबेहूब आलंच पाहिजे’... पण कुणासारखं?

“एकही चित्र पूर्ण करत नाही हो, मॅडम. काढतो आणि फाडतो.” समुपदेशक म्हणून चित्रं काढणाऱ्या मुलांच्या आयांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीतला. फक्त बॅटमॅनचे, म्हणजे कॉमिक्समधल्या टोकदार कानांच्या मुखवटाधारी नायकाचे, पोर्ट्रेट काढायचा. आईने कचऱ्यातून वाचवलेले कागद पिशवीतून आणले होते. जवळजवळ प्रत्येकावर ओठ आणि हनुवटी अप्रतिम, 6बी या मऊ, काळ्या पेन्सिलने गडद छटा दिलेली. वर मात्र खोडून खोडून लव आलेला कागद.

“सुरुवात कुठून करतोस?”

“ओठांपासून. ते मला जमतात.”

“आणि बिघडतं कुठे?”

“कानांपाशी कागदच संपतो. नाहीतर डोकं वाकडं दिसतं.”

जे जमतं ते आधी पूर्ण करून टाकायचं, म्हणजे तेवढी तरी खात्री. पण एकदा ओठांचा आकार पक्का झाला की बाकीच्या चेहऱ्याला त्याच्या मापात बसावं लागतं, आणि ते माप कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून आधी क्रम बदलला. ए4 कागद उभा धरायचा, वर 8 सेंटिमीटर कानांसाठी मोकळे सोडायचे. त्याखाली 12 सेंटिमीटर उंचीचं अंड्यासारखं टकलं डोकं, एचबी म्हणजे नेहमीच्या, फिकट पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. मधली उभी रेघ, बरोबर निम्म्यावर डोळ्यांची आडवी रेघ. मुखवटा या डोक्यावर चढवायचा, दोन-तीन मिलिमीटर बाहेरून, कारण त्यालाही जाडी असते. गालावरची त्याची कड सरळ ओढली की चेहरा पुठ्ठ्यासारखा सपाट होतो. ती गालाच्या गोलाईने वळायला हवी. पहिली वीस मिनिटं गडद पेन्सिल हातात घ्यायचीच नाही. दाबून ओढलेली रेघ खोडली तरी खाच उरते, आणि घासून गुळगुळीत झालेला कागद पुढे काळी छटा धरत नाही. (स्पायडरमॅनचंही तेच. डोळ्यांच्या मधून फाकणारं जाळं डोक्याची गोलाई ठरण्याआधी काढलं की फसतंच.)

पुढच्या वेळी कान कागदात मावले होते. तरी चित्राचे चार तुकडे!

“का फाडलंस?”

“त्याच्यासारखा आला नाही. हुबेहूब आलाच पाहिजे ना.”

मी त्या ‘च’पाशी थांबले. माणसाला प्रसंग जेवढा छळतो त्याहून जास्त त्याच्या डोक्यातला हा ‘च’ छळतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून पेन्सिल, वेळापत्रक, मोबाइल सगळं बाजूला ठेवून एवढंच विचारलं, “हुबेहूब कुणासारखा?”

“बॅटमॅनसारखा.”

“कुठल्या?”

त्याला उत्तर सुचेना. मग घरून वेगवेगळ्या चित्रकारांचे बॅटमॅन आणायला सांगितले. त्याने टेबलावर मांडले: बॉब केनचा 1939चा, बाजूला फाकलेल्या कानांचा, फ्रँक मिलरचा 1986चा, आडव्या अंगाचा, आखूड कानांचा, आणि केली जोन्सचा, ज्याचे कान भाल्यासारखे वर गेलेत.

“यातला खरा कुठला?”

तो बराच वेळ बघत राहिला. एक चित्र उचलून दुसऱ्याशेजारी धरलं, परत ठेवलं. “सगळेच,” म्हणाला, आणि मग हळूच, “पण हे तर एकमेकांसारखे नाहीत.”

“तरी तू तिन्ही ओळखलेस. कशावरून?”

तो बोटांवर मोजू लागला: कान, पांढरे डोळे, उघडा जबडा, खांद्यावरून पडणारा केप. चारच गोष्टी. ज्या मूळ चेहऱ्याशी तो इतके महिने ताडून बघत होता, तो चेहरा मुळात नव्हताच. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही, आणि माझ्या मते समुपदेशनात यापेक्षा चांगलं काही घडत नाही.

सिनेमात बॅटमॅनची भूमिका केलेल्या नटाचं चित्र असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मूळ चेहरा आहे. फोटोवर आणि कागदावर सारख्या चौकटी आखायच्या आणि दोन डोळ्यांमधलं, नाक ते ओठ अंतर मोजूनच काढायचं. पण कुठलं चित्र काढतोय हे आधी ठरवा.

आईबाबांनी “यातून मिळणार काय?” विचारू नये, तसंच न बघता “छान” म्हणूही नये. “कुठून सुरू केलंस?” विचारावं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावं. घरात एकच नियम पुरे: फाडायचं नाही. मागे तारीख आणि चुकलेली एक गोष्ट लिहायची, मगच नवा कागद.

त्याचं पहिलं पूर्ण चित्र मी पाहिलं. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर आखूड, खोडलेला नाही. मागे तारीख आणि खाली बारीक अक्षरात: ‘डावा कान छोटा. कानांची टोकं एका आडव्या रेघेवर आधी मोजायची.’