रोबोटिक्स स्पर्धेत दुसऱ्या टीमचा रोबोट अडवत राहणं हा रडीचा डाव नाही का?

नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, तिच्या टीमने सहा महिने खपून बॉल टाकणारा रोबोट केला, आणि सेमीफायनलला समोरच्या टीमचा एक ‘नुसती चाकं असलेला’ रोबोट दोन मिनिटं तिच्या आडवा येत राहिला. मुलगी रडली. हे नियमात बसत असलं तरी योग्य आहे का, आणि आयोजकांकडे तक्रार करावी का, असं तुम्ही विचारताय. तक्रार करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, कारण असा नुसती चाकं असलेला रोबोट मी स्वतः चालवलाय.

२०१६ साली मी अकरावीत होते. सात जणांची टीम, आणि वर्कशॉप म्हणजे मुलुंडला माझ्या मावशीच्या सोसायटीतली सायकली ठेवायची शेड. पंखा नाही, प्लग एकच, त्यावर ड्रिल लावायचं की बॅटरीचा चार्जर यावरून रोज भांडणं. रोबोटचा हात माझ्या मावसभावाने डिझाइन केला होता. डिझाइन खरंच सुंदर होतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरंच बोलणार आहे. चार शनिवार आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला दुकानं पालथी घालत होतो. एकाकडून मोटर, दुसऱ्याकडून बेअरिंग, आणि शाफ्ट भांडुपच्या एका लेथवाल्याकडून करून आणला. तो हात बॉल उचलायचा, रोबोटच्या डोक्यावरून मागे जायचा आणि टोपलीत टाकायचा. सरावात दहातले आठ जायचे.

स्पर्धा एका कॉलेजच्या हॉलमध्ये, रविवारी. ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या एफटीसी या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेच्या धर्तीवर, म्हणजे १२ बाय १२ फुटांचं मैदान, दोन टीम विरुद्ध दोन टीम, अडीच मिनिटं. क्वार्टर फायनल आम्ही जिंकलो, पण शेवटच्या दहा सेकंदांत हात अर्ध्यावर आला आणि तिथेच लोंबकळला. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागी, सर्व्हो (हात हलवणारी मोटर) उघडून बघितला तर आतल्या गिअरचे दाते साफ झालेले. जादाचा सर्व्हो सकाळीच वापरून झाला होता. रविवारी लॅमिंग्टन रोड बंद. सेमीफायनलला २५ मिनिटं होती.

मावसभाऊ म्हणाला, फेविक्विक लावून बघू. मी म्हटलं, हात काढून टाकू. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी त्याचाच हात काढा म्हणतेय. पण ड्रायव्हर मी होते आणि मला एक गोष्ट माहीत होती. आमच्या रोबोटला सहा रबरी चाकं होती आणि गिअरिंग असं की वेग कमी, पण ढकलायला बैल. हात काढला की वजन सगळं खाली येणार, म्हणजे उलटायची भीतीही नाही. समोरच्या टीमकडे मेकॅनम चाकं. कडेवर तिरके रोलर असतात, त्यामुळे रोबोट खेकड्यासारखा आडवाही पळतो. दिसायला झकास, पण रेटारेटीत रबरी चाकांपुढे त्यांची पकड कमी पडते. आमच्या अलायन्समधली, म्हणजे आमच्या बाजूने खेळणारी, दुसरी टीम बॉल चांगले टाकत होती. त्यांना मोकळं सोडायचं आणि मी समोरच्यांच्या टोपलीपाशी उभं राहायचं, एवढाच बेत. चार स्क्रू काढले, हात टेबलावर ठेवला आणि गेलो.

ती मॅच मला अजून जशीच्या तशी आठवते. एका जागी पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं की पेनल्टी, असा नियम होता. माझ्या मागे आमच्या टीममधली सगळ्यात लहान मुलगी, तीही नववीतच, माझ्या कानाशी मोजत होती. “एक, दोन, तीन, चार, माग!” ‘मागे’ म्हणायलाही वेळ नसायचा. माग म्हटलं की मी अंगठा खाली ओढायचे, रोबोट मागे यायचा, समोरचा सुटायचा, वळायचा आणि मी पुन्हा त्याच्या वाटेत. रेफरी आमच्या शेजारी हात वर करून स्वतः मोजत होता. त्याचं चौथं बोट उघडायची आणि आमची मागे हटायची वेळ बरोबर एक यायची. रबर फोमच्या टाइल्सवर घासून चर्र आवाज येत होता, जळका वास सुटला होता. समोरची टीम एरवी मॅचला दहा-अकरा बॉल टाकायची. त्या मॅचमध्ये चार गेले. आमची पेनल्टी शून्य. आम्ही जिंकलो.

पिटमध्ये परत आलो तर त्यांच्यातल्या कुणाचे तरी वडील आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “रोबोट आणायचा होता बाळांनो, हातगाडी कसली आणलीत?” आमच्या सरांनी मान खाली घातली. बक्षीस समारंभात एक पाहुणे आमच्याकडे बघत बोलले की काही मुलं बनवायला येतात आणि काही मोडायला. आम्ही काहीही मोडलं नव्हतं. त्यांच्या रोबोटचा एक स्क्रूसुद्धा सैल झाला नव्हता. मी बघून आले होते. पण सगळ्यात लागलं ते मावसभावाचं बोलणं. परतीच्या लोकलमध्ये, मालडब्यात रोबोटचा खोका मध्ये ठेवून आम्ही उभे होतो, तेव्हा तो म्हणाला, “आपण अडवून जिंकलो, बनवून नाही.” हेच वाक्य तो आजही म्हणतो. गणपतीला सगळे जमलो की रोबोटचा विषय निघतो आणि हे वाक्य येतंच.

म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

अडवणं हे बनवण्यापेक्षा कमी आहे, हा समजच मुळात चुकीचा आहे. कबड्डी बघणाऱ्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. चढाई करणाऱ्याचा घोटा कोपऱ्यातल्याने अचूक धरला की टाळ्या पडतात, ‘बिचाऱ्याला गुण करू दिले नाहीत’ असं कुणी म्हणत नाही. तिथे तोंड दाबलं, कपडे ओढले तर फाऊल. म्हणजे धरायचं कसं याचा नियम आहे, धरूच नका असा नाही. रोबोटचंही तेच आहे. आणि लगोरी तर आपण सगळेच खेळलोय. २०२२ साली एबीयू रोबोकॉन ही इंजिनिअरिंगच्या मुलांची आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धा दिल्लीला झाली तेव्हा तिचा विषयच लगोरी होता. एका टीमच्या रोबोटने लगोरी रचायची आणि दुसऱ्या टीमच्या रोबोटने बॉल मारून तिला रचू द्यायची नाही. आशियाभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांसमोर आपण अडवण्याचा खेळ ठेवला, मग शाळेतल्या मुलांनी अडवलं की तो रडीचा डाव कसा होतो?

अडवणं काढून टाकून बघितलेलं आहे. एफआरसी या फर्स्टच्याच मोठ्या रोबोटच्या स्पर्धेने २०१५ चा खेळ असा केला होता की लाल आणि निळ्या अलायन्सनी आपापल्या अर्ध्यात डबे रचायचे, समोरच्याला हातही लावायचा नाही. मग सगळी चुरस मधल्या रेषेवरच्या डब्यांवर आली. ते आधी कोण ओढून घेतो यासाठी टीम्सनी सेकंदाच्या अंशात झेपावणाऱ्या यंत्रणा बांधल्या. पुढच्या वर्षी रोबोट पुन्हा एकमेकांना भिडायला लागले. दोन टीम एकाच गोष्टीसाठी उतरल्या की एकमेकींच्या वाटेत येणारच, हे मला तरी उघड वाटतं.

ग्रेशस प्रोफेशनॅलिझम हे शब्द तुम्हालाही कुणीतरी ऐकवले असतील. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी ते फर्स्टच्या स्पर्धांमध्ये रुजवले. त्याचा अर्थ जीव तोडून स्पर्धा करा आणि समोरच्याचा मान राखा, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडे काही मेंटर त्यातला पहिला अर्धा गिळून टाकतात आणि दुसरा अर्धा हरल्यावर समोरच्याच्या तोंडावर फेकतात. मुलांच्या पिटमध्ये येऊन हातगाडी म्हणणाऱ्या माणसाने कुणाचा मान राखला होता?

आता तुमच्या मुलीचं. तिचा रोबोट वाईट नाही, पण अर्धवट आहे. रिकाम्या मैदानावर बॉल टाकणं म्हणजे नेटमध्ये बॅटिंग. हे कडक वाटेल, पण आम्ही फायनल हरलो त्यातूनच मी हे शिकले. त्या टीमने तक्रार केली नाही. मी आडवी गेले की त्यांची ड्रायव्हर माझ्याशी रेटारेटी करायचीच नाही. माझ्या कोपऱ्याला टेकून रोबोट गर्रकन फिरवायची आणि माझ्या बाजूने निसटायची. मी वळेपर्यंत बॉल आत. शिवाय त्यांचा जोडीदार रोबोट मुद्दाम माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहायचा. मी सहा-सात वेळा चकले, चिडून जोर लावला, मोटर जागच्या जागी अडकून राहिल्या. अशा वेळी मोटर प्रचंड करंट ओढते आणि १२ व्होल्टची बॅटरी बसते. मागे यायला अंगठा ओढला तर रोबोट हललाच नाही. मागची मुलगी “माग, माग” ओरडतेय आणि रेफरीची पाच बोटं पूर्ण झाली. पेनल्टी लागली आणि ती बरोबरच लागली.

तेव्हा मुलीला तीन गोष्टींचा सराव करायला सांगा. सरळ ढकलायचं नाही, फिरून सुटायचं. बॉल टाकायची जागा एकच ठेवायची नाही, निदान दोन कोनांतून टाकता आला पाहिजे. आणि सरावाला दुसरा कुठलाही चाकांचा रोबोट आडवा घालायला हवाच. तिच्या टीममध्ये ज्याने हात डिझाइन केला असेल ना, त्याला त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं करा. माझ्या मावसभावाने एकदाही ड्रायव्हरच्या शेजारी उभं राहून मॅच बघितली नाही. तो नेहमी वर गॅलरीत, मोबाइलवर हाताचा व्हिडिओ काढत. त्याला कधी दिसलंच नाही की चार आकडे मोजून मागे हटणं, पुन्हा नेमकी वाट धरणं आणि समोरच्याला न धडकता त्याच्या पुढे पोचणं हेही कौशल्य आहे. त्याने सहा महिने हात बनवला हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या २५ मिनिटांत आम्ही जे केलं तेही बनवणंच होतं. तुटलेल्या रोबोटचा चालणारा रोबोट आम्ही बनवला, आणि तो ज्या कामाला योग्य होता त्याच कामाला लावला. इंजिनिअरिंग याहून वेगळं काय असतं? आज मी ज्या कारखान्यात काम करते तिथे रोज हेच करते.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. मी म्हणतेय ते एफटीसी, एफआरसीसारख्या स्पर्धांबद्दल, जिथे दोन्ही बाजू एकाच मैदानात असतात. लहान मुलांच्या लेगो लीगमध्ये दुसऱ्याच्या रोबोटला अडवायचा प्रश्नच येत नाही. मुद्दाम उलटवणं, अडकवून ओढणं, वेगाने येऊन मोडायच्या हिशोबाने धडकणं हे अडवणं नव्हे, ते फाऊल आहे आणि त्यावर कार्ड मिळायलाच हवं. दाबून धरायचे सेकंद किती, रोबोटला कुठे हात लावायचा नाही, हे प्रत्येक हंगामाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. माझ्या वेळचे पाच सेकंद गृहीत धरू नका. कॉलेज फेस्टमधल्या कित्येक स्पर्धांत हा नियम लिहिलेलाच नसतो. तिथे कोपऱ्यात कोंडून दोन मिनिटं उभं राहिले असतील तर तुमचा राग रास्त आहे, पण तो नियम लिहिणाऱ्यांवर काढा, त्या मुलांवर नको.

आणि रेफरीने मोजलंच नाही अशी शंका असेल, तर विचारायला मुलीने स्वतः जायचं. फर्स्टच्या स्पर्धांमध्ये रेफरीशी बोलायची मुभा विद्यार्थ्यालाच असते, पालकांना नाही. ही पद्धत चांगली आहे. तुम्ही मागे थांबा.

मुंबईतच असाल तर पुढच्या स्पर्धेआधी एखाद्या शनिवारी तिच्या टीमला रोबोट घेऊन मुलुंडला पाठवा. शेड अजून आहे, आणि आमचा तो सहा चाकांचा रोबोटही आहे. त्याला फक्त नवी बॅटरी लागेल.