प्रार्थना करूनही दुःख हटत नसेल, तर ख्रिस्ती माणसाने देवावर भरवसा कसा ठेवावा?

आपण लिहिले आहे की, घरातल्या आजारपणासाठी दीर्घकाळ प्रार्थना करूनही उतार पडत नाही, मंडळीतले लोक ‘विश्वास वाढवा’ एवढेच सांगतात, आणि आता प्रार्थनेला बसले तरी शब्द फुटत नाहीत. तेव्हा देवावर भरवसा ठेवावा तरी कसा, आणि दोष आपल्या विश्वासाचा आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. आपल्याला असे सांगणाऱ्यांनी पवित्र शास्त्र अर्धेच वाचले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मत माझ्या पतींच्या खाटेपाशी बसून पक्के झालेले आहे.

त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज झाला होता. या आजारात स्नायूंना हालचालीचा निरोप पोहोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हात जातात, पाय जातात, गिळणे जाते, बोलणे जाते, आणि पुष्कळ रुग्णांची बुद्धी मात्र अखेरपर्यंत जागी राहते. बरे करणारे औषध नाही. जे आहे ते आजाराचा वेग थोडासा कमी करते. त्यांची वाचा गेल्यावर आम्ही अक्षरांच्या तक्त्यावर बोलत असू. मी तक्त्यावरून बोट सरकवत नेई आणि हवे ते अक्षर आले की ते नजर वर उचलत. एक वाक्य पुरे व्हायला कितीतरी वेळ लागे, त्यामुळे ते मोजकेच आणि नेमके बोलत. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आकडे होते. रात्री वचन वाचायच्या वेळी ते बहुधा एकाच आकड्यावर दोनदा नजर उचलत: 8, आणि पुन्हा 8.

पवित्र शास्त्रातले स्तोत्र 88 आपण वाचले असेलच. विलापाच्या इतर बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेडाची फट दिसते. हे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. तू मला खोल गर्तेत टाकलेस, माझी माणसे माझ्यापासून दूर केलीस, तू आपले मुख का लपवतोस, असे ते देवाला तोंडावर विचारते, आणि त्याला तिथे उत्तर मिळत नाही. माझे थोरले दीर हे आमच्या घराण्यात प्रार्थनेचे पुढारी मानले जातात. ते भेटीस आले असता मी हे स्तोत्र वाचत होते. ते मध्येच म्हणाले, “वहिनी, आजारी माणसापुढे असली निराशेची वचने वाचू नयेत, त्याने विश्वास खचतो.” मग त्यांनी जयाची वचने मोठ्याने घोषित केली, आणि जाताना मला दाराशी थांबवून, घरात कबूल न केलेले एखादे पाप राहिले आहे का याचा शोध घ्या, असेही सांगितले. खोलीचे दार उघडे होते. माझ्या पतींचे कान शाबूत होते. दीर निघून गेल्यावर मी तक्ता पुढे धरला, तेव्हा पतींनी तीनच शब्द जुळवले: “पुढचे वाच आता.” मी राहिलेल्या ओळी वाचल्या.

दिरांच्या म्हणण्याला मी तेव्हा दाराशी उत्तर दिले नाही, कारण रुग्णाच्या घरात आवाज चढवायचा नव्हता. पण त्यांनी हा विषय पतींच्या मृत्यूनंतरही सोडलेला नाही, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर लिहिते, कारण आपल्यालाही नेमके तेच ऐकवले जात आहे.

पाप शोधा म्हणणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय काढावा. जन्मांधाला पाहून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ म्हटले. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 वाचावा. त्या एकाच अध्यायात हेरोद राजा प्रेषित याकोबाला, म्हणजे योहानाच्या भावाला, तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. मंडळी तीच, प्रभू तोच, राजाही तोच. याकोबाचा विश्वास उणा होता, असे म्हणायची छाती कोणाला आहे? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात तर काही जण विश्वासाने तलवारीच्या धारेतून वाचले आणि काही जण तलवारीने मारले गेले, अशी दोन्ही प्रकारची माणसे विश्वासाच्या एकाच यादीत बसवलेली आहेत.

पवित्र शास्त्रात ज्याने लेकरे, धन आणि आरोग्य सगळे गमावले त्या ईयोबाचेही नाव दीर घेत. ईयोबाने धीर धरला म्हणून त्याला सगळे दुप्पट मिळाले, तुम्हीही धीर धरा, असा त्यांचा हिशेब. मेंढरे 7,000 ची 14,000 झाली आणि उंट 3,000 चे 6,000 झाले, हे खरे. पण मुलगे पहिल्यासारखेच सात आणि मुली पहिल्यासारख्याच तीन झाल्या, आणि घर अंगावर कोसळून मेलेली दहा लेकरे त्याला या जगात परत मिळाली, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ज्या आईने लेकरू पुरले आहे तिला हा दुपटीचा हिशेब सांगू नये. शिवाय पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले, म्हणजे सैतानाने ईयोबाला पारखायची मुभा देवाकडून कशी घेतली, ते आपल्याला कळते, ईयोबाला मात्र शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. देव वावटळीतून बोलतो तेव्हाही कारण देत नाही. पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कुठे होतास, असे विचारतो. आणि अखेरीस कोप कोणावर होतो? देवाची बाजू मांडत आलेल्या एलीफज, बिल्दद आणि सोफर या त्याच्या तिघा मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही, असे देव त्यांना म्हणतो. त्या तिघांनी एकच गोष्ट बरोबर केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर न बोलता बसले होते.

पंडिता रमाबाईंनी विश्वासाने मागितले आणि देवाने सगळे पुरवले, हा दिरांचा आणखी एक आवडता दाखला. पुरवले, यात शंका नाही. पण त्यांच्या तरुणपणी दुष्काळाच्या हालांत आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, 1882 साली पती कॉलऱ्याने गेले, आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली; पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांच्या विश्वासाची साक्ष द्यायची तर ही मरणेही त्या साक्षीत सांगितली पाहिजेत.

आता भरवसा कसा ठेवावा याविषयी. याची कृती मला सांगता येणार नाही. मी काय धरून राहिले ते सांगते. देवाकडे तक्रार नेणे हाच भरवसा आहे, असे मी मानते. लेकरू आईवर रुसते, परक्या बाईवर रुसत नाही. स्तोत्र 88 लिहिणारा इतका खचलेला असूनही पहिल्याच ओळीत देवाला आपला तारणारा म्हणतो आणि दररोज त्याच दारावर हाका मारतो. मार्था आणि मरीया दोघींनीही प्रभूला ऐकवले की, आपण येथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी एकीलाही विश्वास कमी म्हणून झिडकारले नाही, आणि काही क्षणांत त्या भावाला, लाजराला, मेलेल्यांतून उठवणार असूनही तो तिथे रडला. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने हा प्याला टळावा म्हणून विनवले आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी स्तोत्र 22 मधला आक्रोश आला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्या देवाला हे सोसणे माहीत आहे त्याच्यापुढे आपले न फुटणारे शब्द चालतात. रोमकरांस पत्रात पवित्र आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हतो असे म्हटले आहे. त्या काळात मी त्या एका वचनावर बसून राहत असे आणि तीच माझी प्रार्थना असे. तेवढेही जमत नसेल तेव्हा स्तोत्रे 13, 42 आणि 77 मोठ्याने वाचावीत, आणि ज्या बहिणीवर विश्वास आहे तिला म्हणावे, सध्या माझ्या वाटची प्रार्थना तू कर.

पुन्हा कोणी पापाचे किंवा विश्वासाचे बोलले, तर त्यांना रात्रीची एक पाळी द्यावी. कूस बदलताना मान कशी धरायची, घशात साठलेली लाळ यंत्राने कशी ओढायची आणि नळीतून अन्न किती सावकाश सोडायचे, हे एकदा हातांनी केले की माणूस वचने जपून निवडतो. माझ्या दिरांनी अशी एकही रात्र काढली नाही. मंडळीतल्या एका अबोल विधुराने पुष्कळ काढल्या, आणि त्यांनी आम्हाला कधी काही समजावले नाही.

यावरून देव बरे करत नाही असे मी म्हणते, असा अर्थ कोणी काढू नये. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे आम्ही मंडळीच्या वडिलांना बोलावून पतींना तेल लावून घेतले होते, आणि तसे पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन. पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि त्या देहाची जीभ पुन्हा बोलेल याची मला खात्री आहे. औषध सोडणे म्हणजे विश्वास, असे कोणी सांगत असेल तर मात्र ऐकू नये; डॉक्टरांचे उपचार चालू ठेवावेत. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर स्वतःसाठीही डॉक्टरांकडे जावे आणि त्यात अविश्वास मानू नये. आणखी एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती: हे सारे मी आजार आणि मरण यांविषयी लिहिले आहे. आपले दुःख कोणा माणसाच्या हातून होत असेल, घरात मारहाण होत असेल, तर ते सोसणे म्हणजे वधस्तंभ वाहणे असे कोणी पाळक म्हणाले तरी मानू नये. तिथून बाहेर पडावे, भरवशाच्या माणसाला सांगावे आणि पोलिसांत जावे.