किंमत नंतर, आधी गिऱ्हाईक बघा

घानातल्या अक्राच्या आणि नायजेरियातल्या लागोसच्या अशा दोन तरुण चित्रकारांचं छोटं प्रदर्शन लंडनमध्ये भरवायचंय, किमती काय लावू, असं तुम्ही विचारलंय. गॅलरीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला किमतीचा प्रश्न दुसरा वाटतो. चित्र कोणाच्या घरी जाणार, हा पहिला.

चित्रकार अमोआको बोआफो अक्राचा, पुढे व्हिएन्नात शिकलेला. फेब्रुवारी 2020 मध्ये फिलिप्स या लिलावगृहात, लंडनमध्ये, त्याचं ‘द लेमन बेदिंग सूट’ लिलावाला आलं. अंदाज होता 30 ते 50 हजार पौंडांचा, गेलं 6 लाख 75 हजारांना. बातमी सगळीकडे चित्रकाराच्या नावाने झळकते, पण लिलावाचा पैसा जातो चित्र विकणाऱ्याच्या खिशात. आणि एकदा असा आकडा लागला की दारात नफेखोरांची रांग लागते. पुढचं चित्र तेवढ्याला गेलं नाही की ‘याचा भाव पडला’ म्हणायला तेच पुढे असतात. तरुण चित्रकाराचं यात फार नुकसान होतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

केरी जेम्स मार्शल या अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकाराचं ‘पास्ट टाइम्स’ शिकागोतल्या एका सरकारी संस्थेने 25 हजार डॉलरना घेतलं होतं. 2018 मध्ये ते 2 कोटी 11 लाखांना गेलं. अमेरिकेत चित्रकाराला पुनर्विक्रीचा हिस्सा देणारा केंद्रीय कायदा नाही. ब्रिटनमध्ये 2006 पासून असा हक्क आहे, पण तो चित्रकाराच्या नागरिकत्वावर अवलंबून असतो. तुमच्या दोघांना तो लागू होतो का, हे वकिलाला आधीच विचारा. शिवाय विक्रीच्या कागदावर लिहून घ्या की पुढची काही वर्षं चित्र विकायचं झालं तर पहिल्यांदा तुम्हाला विचारायचं. कोर्टात हे कितपत टिकेल हा वेगळा मुद्दा, पण सही मागितली की कोण काचकूच करतं ते लगेच कळतं. एखादं संग्रहालय किंवा मुरलेला संग्राहक थोडी सवलत मागत असेल, तर त्याला द्या.

किमती आकाराप्रमाणे ठेवा, सगळ्या शहरांत सारख्याच, आणि हळूहळू वाढवा. एकदा लावलेली किंमत जाहीरपणे उतरवू नका. गॅलरीचा वाटा बहुतेक ठिकाणी निम्मा असतो. फ्रेम, विमा, वाहतूक कोण भरणार आणि चित्रकाराला पैसे किती दिवसांत मिळणार, हे मात्र लेखी हवं.

फोटोंवर खर्च करा. मोबाइलचा कॅमेरा गडद भाग आपोआप उजळवतो, त्यामुळे काळ्या त्वचेचे रंग राखाडी दिसतात. मार्शल तर वेगवेगळ्या काळ्या रंगांतूनच माणसं रंगवतो. त्यातला फरक फोटोत गेला तर चित्रच गेलं. पुष्कळसे खरेदीदार फक्त फोटो बघून ठरवतात, म्हणून तिथे काटकसर नको.

भिंतीवरच्या मजकुरात ‘आफ्रिकन कला’ असं सरसकट लिहू नका. 1-54 या आफ्रिकी समकालीन कलेच्या मेळ्याच्या नावातच एका खंडातले 54 देश आहेत. चित्रकाराचं नाव, शहर, तो कुठे शिकला, कशावर काम करतो, एवढं पुरे. बाकी ओळख कशी करून द्यायची ते त्यांनाच विचारा.

तारीख ठरली नसेल तर ऑक्टोबर धरा. 1-54 मेळा 2013 पासून लंडनच्या समरसेट हाउसमध्ये ऑक्टोबरात भरतो, फ्रीझ हा मोठा कला मेळाही त्याच सुमारास असतो, त्यामुळे संग्राहक आणि क्युरेटर शहरातच असतात. उद्घाटनाला दोघे चित्रकार हजर हवेत, तेव्हा व्हिसाची कागदपत्रं जागेच्या बुकिंगआधी हातात घ्या.