सबवूफर घेण्याआधी
तुम्ही प्रामुख्याने ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत असाल, तर सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची, घाई करू नये असे माझे मत आहे, कारण गायकाचा आवाज आणि पेटी यांचा बहुतेक भाग ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) वरच असतो आणि तो तुमचे स्पीकर सहज पेलतात. बास गिटारची सर्वांत खालची तार मात्र सुमारे ४१ हर्ट्झची असते. तिथे लहान स्पीकर थकतात. कोथरूडच्या फ्लॅटमधील बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये घुमतो, म्हणून सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून खोलीभर फिरावे आणि खर्ज जिथे स्वच्छ ऐकू येईल, तिथेच तो मांडावा. हादरे स्लॅबमधून खाली जातात. दुपारी एक ते चार शेजाऱ्यांची परीक्षा पाहू नये.