साहेब झालेला मित्र आणि ड्राफ्टमधला राजीनामा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 36. एका कंपनीत सहा वर्षं माल रवानगीचं नियोजन बघतो. कुठली ऑर्डर कधी निघणार, कुठली थांबणार, हे माझ्या टेबलावर ठरतं. माझा आताचा मॅनेजर तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही एकाच महिन्यात रुजू झालो, रोज एकत्र जेवायचो, अजूनही एकमेकांना अरेतुरे करतो. त्याचं प्रमोशन झालं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

टीममधले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. विचारलं की ‘बघू’. एका प्रशिक्षणासाठी मी अर्ज दिलाय, तो आठ महिने त्याच्या सहीवाचून पडलाय. आणि अडीच महिन्यांपूर्वी तर कहर झाला. एक मोठी ऑर्डर उशिरा गेली. ती दोन दिवस थांबव, असं त्यानंच मला तोंडी सांगितलं होतं. मीटिंगमध्ये विक्री विभागाच्या प्रमुखांनी सगळ्यांदेखत मला झापलं आणि हा समोर बसून मोबाइलमध्ये बघत राहिला. एक अक्षर बोलला नाही. नंतर लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मनावर घेऊ नकोस रे, ते सगळ्यांनाच बोलतात.’

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. तेव्हापासून तो मेलच्या ड्राफ्टमध्ये आहे. रोज रात्री उघडतो, एखादा शब्द बदलतो, बंद करतो. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. बायको म्हणते, दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय सोडू नकोस, घराचा हप्ता आहे. भाऊ म्हणतो, सहा वर्षं काढलीस आणि आता एवढ्याशा गोष्टीसाठी? सोडू का? आणि सोडायचं झालं तर त्याला आधी सांगू की सरळ मेल करू?

— एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ते मॅनेजरबद्दलचं वाटलं. दुसऱ्या वेळी मी लिफ्टपाशी अडले. मीटिंगमध्ये झापणारे विक्रीप्रमुख तुमच्या पत्रात एका वाक्यात येतात आणि जातात, त्यांच्यावर तुमचा राग दिसत नाही. खांद्यावरचा तो हात मात्र तुम्ही अडीच महिने विसरलेला नाहीत. हा राग साहेबावरचा कमी आणि मित्रावरचा जास्त आहे. दोन्ही हिशेब तुम्ही एकाच राजीनाम्यात चुकते करायला बघताय, म्हणून तो दहा आठवडे लिहून संपत नाहीये.

माझी एक गोष्ट सांगते. मी 28 वर्षं मनुष्यबळ विभागात काढली. त्याआधी, 31 व्या वर्षी, एका नोकरीत माझाही असाच भडका उडाला होता. मी दोन पानी राजीनामा लिहिला. त्यात कोणत्या तारखेला साहेब काय म्हणाले, मी काय काय सोसलं, सगळं होतं. मला वाटलं होतं, ते वाचतील, त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसऱ्याच्या तळाशी शेवटच्या दिवसाची तारीख बघितली आणि विचारलं, ‘तुमचं काम कुणाकडे सोपवताय?’ संपलं. आठवडाभर खपून लिहिलेल्या त्या दोन पानांतला एकच आकडा त्यांच्या कामाचा होता.

तुमच्या ड्राफ्टची लांबी किती आहे हो? तीन ओळींपेक्षा जास्त असेल, तर तो राजीनामा नाही, मित्राला लिहिलेलं पत्र आहे. ते जरूर लिहा, पण मेलच्या खिडकीत नको. एखाद्या रात्री चुकून बटण दाबलं जातं. मी असले दोन प्रसंग निस्तरलेत.

आता त्याच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा माणूस तुमचं वाईट करायला टपलेला दिसत नाही. तो तुम्हाला शिव्या देत नाही, खोट्या कागदांवर सह्या मागत नाही, अपमान करून मजा घेत नाही. तसं असतं तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं : नोंदी ठेवा, रीतसर तक्रार करा, बाहेर पडा. तुमचा मॅनेजर भित्रा आहे. वरच्यांसमोर मूग गिळून बसायचं आणि खालच्यांना लिफ्टमध्ये गोंजारायचं, हा त्याचा तीन वर्षांत बसलेला रिवाज आहे. शेजारच्या टेबलावरून उठून त्या खोलीत गेलेल्यांचं असं पुष्कळदा होतं. उत्तम काम करणाऱ्याला बढती मिळते. माणसांची बाजू कशी घ्यायची, हे मात्र कुणी शिकवत नाही. त्यातून मैत्री असली की तो तुम्हालाच गृहीत धरतो, कारण तुम्ही समजून घ्याल याची त्याला खात्री असते. आजवर तुम्ही समजून घेतलंतही.

भित्र्या माणसाशी वागायची रीत वेगळी. ‘तू माझी बाजू घेत नाहीस’ असं त्याला म्हणालात, तर तो दुखावेल, चार गोड शब्द बोलेल आणि पुन्हा तेच करेल. त्याला बघता येण्याजोगी, करता येण्याजोगी आणि तारीख लावता येण्याजोगी गोष्ट मागा. एकदा अर्धा तास मागून घ्या, दार लावून बसा. जेवणाच्या टेबलावर हे बोलणं नको, तिथे तुम्ही पुन्हा मित्र होता. अर्जावर या महिनाअखेरपर्यंत सही हवी. दोन माणसं मिळणार नसतील, तर कोणतं काम बंद करायचं ते त्यानं सांगावं. आणि त्या मीटिंगचा विषय काढा. मागचं उकरून भांडायला नव्हे, पुढच्यासाठी : ‘थांबवायला तू सांगितलेल्या ऑर्डरबद्दल पुन्हा कुणी विचारलं, तर “तो निर्णय माझा होता” एवढं एक वाक्य तू बोलशील का?’ असं विचारून गप्प राहा. तो काय उत्तर देतो, किती वेळ घेतो, नजर कुठे वळवतो, त्यात तुम्हाला बरंच काही कळेल.

त्याच संध्याकाळी त्याला छोटा मेल करा. ‘आज आपलं बोलणं झालं. अर्जावर सही महिनाअखेरपर्यंत, माणसांबद्दल तू पुढच्या सोमवारी कळवणार. काही राहिलं असेल तर सांग.’ एवढाच. आणि यापुढे त्यानं तोंडी काहीही थांबवायला सांगितलं की, ‘तुझ्या सांगण्यावरून अमुक ऑर्डर दोन दिवस थांबवतोय’ अशी एक ओळ लगेच पाठवायची. हा पुरावा गोळा करण्याचा डाव समजू नका. तुमच्या कामात ही एरवीही चांगली सवय आहे आणि खरं सांगायचं तर ती अडीच महिन्यांपूर्वी असती, तर त्या मीटिंगमध्ये तुमच्या हातात काहीतरी असतं. ही चूक तुमच्या पदरात घालतेय, रागावू नका.

तुमच्या मनात येईल, त्याच्या वरच्यांकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे जाऊ का. मी त्या विभागातलीच, म्हणून स्पष्ट सांगते : तो विभाग कंपनीसाठी काम करतो. त्यातली माणसं वाईट नसतात, पण ‘मॅनेजर माझ्या बाजूनं बोलला नाही’ या तक्रारीचं त्यांना काही करता येत नाही. वरच्या साहेबांकडे जायचंच तर कामाचा प्रश्न घेऊन जा. तीन जणांच्या टेबलावर एकच जण उरलाय, त्यामुळे किती ऑर्डरी रखडतात, हे आकड्यांत सांगा. मॅनेजरला आधी कळवून जा. तिथे गेल्यावर त्याच्या स्वभावाबद्दल चकार शब्द काढू नका. दुसऱ्या विभागात बदली मागण्याचा रस्ताही आधी तपासा. कंपनीवर तुमचा राग दिसत नाही, टेबल बदलून भागत असेल तर घर का सोडायचं?

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये एक मांडणी केली होती. एखादी संस्था ढासळायला लागली की आतल्या माणसापुढे निघून जाणं किंवा आवाज उठवणं असे दोन रस्ते असतात आणि यातला कोणता तो धरेल, हे त्याच्या निष्ठेवर बरंचसं अवलंबून असतं. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की, निघून जाण्याची शक्यता खरी असेल तर आवाजालाही वजन येतं. तुम्ही आजवर यातलं काहीच केलं नाही. बोलला नाहीत आणि गेलाही नाहीत. ड्राफ्ट उघडून बंद करणं म्हणजे जाण्याची रंगीत तालीम, रोज रात्रीची. म्हणून माझा आग्रह आहे की दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा. त्याच्याशी बोलायच्या आठवड्यातच तुमचा बायोडेटा नीट करा आणि आपल्या क्षेत्रातल्या तिघांना फोन करा. बाहेरून एखादी विचारणा आली की तुमचा सूर आपोआप बदलतो, धमकी द्यावी लागत नाही.

तुमच्या भावाच्या ‘सहा वर्षं काढलीस’ला उत्तर : ती सहा वर्षं राहिलात तरी परत येणार नाहीत आणि गेलात तरी वाया जाणार नाहीत, अनुभव म्हणून बरोबरच येतील. पुढच्या सहा वर्षांचं काय, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या बायकोचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. हातात दुसरं काम किंवा किमान सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजूला असल्याशिवाय मेल पाठवू नका. नेमणूकपत्र काढून नोटिशीचा काळ किती आहे, शिल्लक रजेचे पैसे मिळतात का, बोनस कोणत्या तारखेपर्यंत नोकरीत असलेल्यांना देतात, हे वाचून ठेवा. रागाच्या भरात बोनसच्या दहा दिवस आधी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे त्यांना रागाचं कारण धड आठवत नसे, बोनसचा आकडा मात्र पाठ असे.

या सगळ्याला एक अपवाद : तब्येत. रविवारचा पोटातला गोळा मी हसण्यावारी नेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामाच्या ताणानं येणाऱ्या या अवस्थेची, ‘बर्नआउट’ची, व्याख्या केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत : अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना तिला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते. तुमच्या पत्रात कडवटपणा थोडा दिसतो, बाकीचं तुम्हालाच माहीत. झोप उडाली असेल, सकाळी उठवत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, रजा घ्या आणि मग निर्णय घ्या. तशा अवस्थेत सहा महिन्यांच्या खर्चाचा माझा नियम मी स्वतःच मोडेन.

आणि माझा कौल? सगळं विचारायचं आणि सल्ला देणाऱ्यानं ‘तुम्हीच ठरवा’ म्हणायचं, हे मला आवडत नाही. स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञानं एक गमतीदार प्रयोग केला होता. ज्यांचा निर्णय होत नव्हता अशा हजारो लोकांसाठी त्यानं संगणकावर नाणं उडवण्याची सोय केली. नोकरी सोडू का, हा प्रश्न घेऊन आलेलेही त्यांत पुष्कळ होते. मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी सरासरीनं जास्त सुखी असल्याचं सांगत होते. अर्थात ती माणसं आपणहून आलेली, आधीच काठावर उभी असलेली होती. पण तुम्हीही काठावरच आहात ना?

मला वाटतं, तुम्ही जाल. मी तुम्हाला आजपासून तीन महिने देते. तेवढ्यात अर्जावर सही झाली आणि चारचौघांत तो तुमच्यासाठी एक वाक्य बोलला, तर राहण्याचा विचार करा. ‘बघू’च चालू राहिलं, तर निघा. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि बायकोला दाखवा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मुलाखतीला जाल तेव्हा होणाऱ्या साहेबांना विचारा, ‘तुमच्या टीममधून शेवटची बढती कुणाला मिळाली? ती व्यक्ती आता कुठे आहे?’ चांगल्या मॅनेजरला हे सांगताना उत्साह येतो. भित्र्याला ते नाव आठवायला वेळ लागतो. जमलं तर त्या टीममधल्या एखाद्याशी बोलून घ्या, नाहीतर आगीतून फुफाट्यात. आणि राजीनाम्यानंतर इथे पगार वाढवून थांबवायला आले, तर तुमच्या पत्रात पगाराबद्दल एकही तक्रार नव्हती, हे आठवा.

तुमचा शेवटचा प्रश्न. आधी त्याला तोंडी सांगा, लिफ्टमध्ये नको, दार लावून. मग तीन ओळींचा मेल : मी राजीनामा देतोय, शेवटचा दिवस अमुक, काम सोपवायला मदत करीन. ड्राफ्टमधला मोठा मजकूर त्याआधी पुसून टाका. तो बहुतेक म्हणेल, ‘अरे, आधी बोलला असतास तर!’ तेव्हा तुमच्याकडे त्या मेलच्या तारखा असतील. त्या वाचून दाखवू नका.